खोटं ओळखायचा वर्ग

वाचनालयाच्या शाखेतल्या बाईंना व्यसन एकच, शिकवायचं. नेमणूक ग्रंथपाल म्हणून झालेली, पण पुस्तक नुसतं हातात देऊन गप्प बसणं त्यांना जमायचं नाही. पान दुमडायचं नाही, ओल्या हाताने धरायचं नाही, शेवट आधी वाचायचा नाही, एवढं ऐकून घेतल्याशिवाय कुठलंही पुस्तक दाराबाहेर पडत नसे. घरचेही यातून सुटले नव्हते. एकदा नवऱ्याच्या फोनची बॅटरी संपली म्हणून त्याने दुकानदाराच्या फोनवरून विचारलं, "अगं, दूध आणू का?" तर अनोळखी नंबर बघून बाईंनी आधी त्यालाच विचारलं, लग्नानंतर आपलं पहिलं बिऱ्हाड कितव्या मजल्यावर होतं? नवरा गडबडला. बाईंनी फोन ठेवून दिला आणि त्या संध्याकाळी दोघांनी कोरा चहा न बोलता प्यायला.

पण ही पारखून घ्यायची खोड त्यांना उगाच लागली नव्हती. शाखेच्या मागच्या गल्लीत कपडे शिवून देणाऱ्या एक आजी राहायच्या. सगळं गाव त्यांना शिवणआजी म्हणायचं. त्यांना कोणीतरी गोड आवाजात फोन केला, बँकेतून बोलतोय म्हणून सांगितलं आणि पुरतं नागवलं. पैसे गेले ते गेलेच, पण त्या दिवसापासून आजींनी फोन उचलणंच सोडलं. परगावची लेक फोन करून करून थकायची आणि शेवटी शाखेत फोन लावायची, "बाई, आई ठीक आहे ना, तेवढं जरा बघता का?" मग बाई शाखेला कुलूप लावून मागच्या गल्लीत जायच्या. आजी मशीनवर बसलेल्या असायच्या आणि फोन रुमालात गुंडाळून बटणांच्या डब्यात, वर झाकण घट्ट. असं तीन-चारदा झाल्यावर बाईंनी पदर खोचला.

मुख्य कार्यालयाने शाखेला सहा संगणक, एक प्रोजेक्टर आणि एक पडदा दिलेला होता. नागरिकांना नव्या जगाची ओळख व्हावी असा त्यामागचा हेतू होता. आजवर तिथे गावातले निवृत्त लोक पत्ते खेळत होते, तेही संगणकावर, म्हणजे ओळख अगदीच झाली नव्हती असं नाही. बाईंनी पत्ते बंद केले आणि रोज दुपारी चारचा वर्ग सुरू केला. वर्गाला नाव काही नव्हतं. लोक म्हणायचे, खोटं ओळखायचा वर्ग.

वर्ग असा काही चालला की विचारू नका. फसवणारा माणूस नेहमी घाई करतो, नेहमी घाबरवतो, आणि आपण कुठल्या तरी मोठ्या कार्यालयातून बोलतोय असं सांगतो, हे बाईंनी सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसवलं. त्याने दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही, नंबर आपण शोधायचा. ओळखपत्र छापता येतं. ओळखीचा आवाजही हल्ली यंत्राने काढता येतो. आणि समोरचा चोर आहे अशी खात्री पटली तर त्याचा जमेल तितका वेळ खायचा, म्हणजे तेवढा वेळ दुसरा कोणी वाचतो. शिवाय वर्गाच्या फोनवरच्या गटासाठी बाई दर आठवड्याला एक खुणेचा शब्द द्यायच्या. महत्त्वाचं काही सांगायचं तर आधी तो शब्द लिहायचा, नाहीतर ते खोटं समजायचं.

गटाचा कारभार होता ड्रायव्हरकाकांकडे. उभा जन्म त्यांनी बस चालवली होती आणि गटही ते तसाच चालवायचे. चुकीचा माणूस चढला की ब्रेक मारून खाली. समोरच्या इमारतीत राहणाऱ्या निवृत्त नर्समावशी वर्गातल्या सर्वांत हुशार. आणि शिवणआजी? त्या शेवटच्या खुर्चीवर बसायच्या, सगळं ऐकायच्या आणि एक अक्षर बोलायच्या नाहीत. महिनाभराने फोन डब्यातून निघून पिशवीत आला. मग एक दिवस त्यांनी लेकीचा फोन उचलला, आणि लेकीला इतकं रडू आलं की दोघींचं बोलणं काही झालंच नाही. पण अनोळखी नंबर दिसला की अजूनही आजींचा हात मागे यायचा. बाईंना घाई नव्हती.

अशात एके दिवशी संगणकावर मुख्य कार्यालयाकडून एक पत्र आलं. 'प्रिय वापरकर्ता, आपल्या शाखेचे सर्वेक्षण होणार असून सभासदांना फोन येतील. सहकार्य न केल्यास सेवा बंद होऊ शकते. अधिक माहितीसाठी त्वरित येथे टिचकी मारा.' बाईंना ते वाचून काय आनंद झाला! इतका सुरेख नमुना शोधूनही सापडला नसता. त्याच दुपारी त्यांनी ते पत्र पडद्यावर लावलं आणि म्हणाल्या, "बघा, यात खोटं काय काय आहे?"

वर्ग तुटून पडला. नावाचा पत्ता नाही. घाई आहे. धमकी आहे. टिचकी मारायला सांगतायत. ड्रायव्हरकाकांनी तर सहीखालचं पदनाम बघून सांगितलं की असं लांबलचक पद खऱ्या कार्यालयात असूच शकत नाही. शेवटी बाईंनी सगळ्यांसमोर ते पत्र कचऱ्यात टाकलं आणि टाळ्या झाल्या.

पुढच्याच आठवड्यात फोन सुरू झाले. मुख्य कार्यालयातले साहेब सरळ माणूस; त्यांनी हे काम कोणावर न ढकलता स्वतः हातात घेतलं होतं.

"नमस्कार, वाचनालयाच्या मुख्य कार्यालयातून बोलतोय. आपण सभासद आहात ना?"

"कसलं वाचनालय?" ड्रायव्हरकाका म्हणाले.

"आपल्या भागात शाखा आहे. तिथे संगणकाचा वर्ग चालतो म्हणे. आपण जाता का?"

"मला वाचताच येत नाही," काका म्हणाले. शाखेतलं प्रवासवर्णनांचं अख्खं कपाट त्यांनी दोनदा संपवलेलं होतं.

नर्समावशींनी तर कमालच केली. "थांबा हं, चष्मा आणते," म्हणाल्या, फोन टेबलावर उताणा ठेवला आणि जाऊन आंघोळ केली. परत येऊन बघतात तर माणूस बिचारा अजून 'हॅलो, हॅलो' करत होता. मग त्या म्हणाल्या, "हा नाही हो सापडला, दुसरा आणते," आणि केस वाळवायला गॅलरीत गेल्या. वर्गात त्यांनी हे सांगितलं तेव्हा सगळे हसून हसून बेजार झाले. शिवणआजींनाही फोन आला होता. त्यांनी उचलला नव्हता.

बाई अभिमानाने फुगल्या होत्या. ते पत्र आणि हे फोन यांचा मेळ त्यांच्या डोक्यात एकदाही बसला नाही. आम्हाला तर वाटतं, शिकवायची हौस असलेल्या माणसाला बाकीचं सगळं दिसतं, फक्त स्वतःचा धडा दिसत नाही.

मग एका दुपारी, वर्ग सुटल्यावर, टपालाने कागद आला. खरा कागद, खरा शिक्का. 'सर्वेक्षणात आपल्या शाखेतील संगणकांचा एकही वापरकर्ता आढळला नाही. सबब, सर्व संगणक गरजू शाखेकडे वळवण्यात येत असून उद्या सकाळी अकरा वाजता ते नेण्यात येतील.' बाईंनी नियमाप्रमाणे मुख्य कार्यालयाचा नंबर स्वतः शोधला, स्वतः लावला आणि विचारलं. पत्र खरं होतं. आधीचंही खरं होतं.

संगणक गेले तर वर्ग गेला. ड्रायव्हरकाका पुन्हा प्रवासवर्णनांकडे वळले असते, नर्समावशींनी दुसरं कोणीतरी गिऱ्हाईक शोधलं असतं. पण शेवटच्या खुर्चीवरच्या आजींचं काय? बाईंना तो बटणांचा डबा डोळ्यांसमोर दिसायला लागला.

त्यांनी लगेच फोन काढला आणि गटावर आवाजी निरोप पाठवला. "बाई बोलतेय. आपले संगणक न्यायला उद्या अकराला मुख्य कार्यालयाचे साहेब येतायत. सगळ्यांनी सकाळीच धावत यायचं, नाहीतर वर्ग बंद होईल."

उत्तर तत्काळ आलं, ड्रायव्हरकाकांचं. 'खुणेचा शब्द?'

बाईंना आठवेना. या आठवड्याचा शब्द कोणता होता? कात्री? की ती मागच्या आठवड्याची? त्यांनी 'कात्री' लिहिलं. तो मागच्या आठवड्याचाच निघाला. मग नर्समावशींनी लिहिलं, 'घाई आहे. धमकी आहे. मोठं कार्यालय आहे. आवाज हुबेहूब काढलाय.' लागोपाठ काकांनी लिहिलं, 'बाईंचा फोन चोरांच्या हाती गेलेला दिसतो. उद्या चारच्या वर्गात त्यांना समक्ष सांगू. तोवर या नंबरवरून आलेला फोन कोणीही उचलू नये.' आणि बाईंना बाईंच्याच गटातून काढून टाकण्यात आलं.

"शाबास," बाई स्वतःशीच म्हणाल्या, आणि त्यांना हसावं की रडावं ते कळेना.

सकाळी त्यांनी एकेकाला फोन लावून पाहिला. कोणी उचलेना. ड्रायव्हरकाकांनी तेवढा उचलला आणि "लाज वाटते का, म्हाताऱ्या माणसांना लुबाडायला?" एवढं बोलून ठेवून दिला. समोर हाका मारून पाहिल्या, तर नर्समावशी आंघोळीत. दारोदार जावं तर शाखेत त्या एकट्या. कुलूप लावून गेल्या आणि साहेब आले तर बंद शाखा दिसणार, म्हणजे पुढचा प्रश्नच मिटला. शेवटी अकरा वाजायला आले आणि दाराशी एक टेम्पो थांबला. टेम्पोच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ताजी भाजी व फळे'.

टेम्पोतून दोन हमाल उतरले, त्यांच्यामागून साहेब. किडकिडीत, नीटनेटके, गळ्यात ओळखपत्र, चेहरा दमलेला.

"भाड्याचा मिळाला तो आणला," टेम्पोकडे बघून ते ओशाळून म्हणाले. "बाई, मला हे करायला आवडत नाही. पण दुसऱ्या शाखा रांगेत उभ्या आहेत आणि तुमचा आकडा शून्य आहे."

बाईंनी सगळं सांगितलं. पत्र कचऱ्यात कसं गेलं तेही सांगितलं. साहेब ऐकता ऐकता खुर्चीत बसले.

"म्हणजे, तो चष्मा..."

"नर्समावशी. समोरच राहतात."

"माझा कान लाल झाला होता, बाई." त्यांनी कानाला हात लावला. "म्हणजे तुम्ही लोकांना आमच्याविरुद्ध शिकवलंत?"

"तुमच्याविरुद्ध नाही हो, साहेब. तुमच्यासारख्यांविरुद्ध."

साहेबांना हा खुलासा काही फारसा रुचला नाही. "रोज इतकी माणसं येतात, म्हणता. मग आज एकही कसं नाही?" त्यांनी विचारलं, आणि यावर बाईंकडे जे उत्तर होतं ते सांगून कोणाला पटलं नसतं. साहेबांनी हमालांना खूण केली. पहिला संगणक उचलला गेला, दुसरा उचलला गेला, आणि बाई पडद्याची दोरी हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

पण समोरच्या गॅलरीत नर्समावशी केस वाळवत होत्या. त्यांना दिसलं की दोन धटिंगण शाखेतून संगणक काढून भाजीच्या टेम्पोत भरतायत आणि बाई बिचाऱ्या दोरी धरून उभ्या आहेत. मावशींनी गटावर लिहिलं, आणि त्यांनी खुणेचा शब्द बरोबर लिहिला.

दहा मिनिटांत रस्ता भरला. कोणी घरातल्या चपलांवर, कोणी अर्धी दाढी केलेलं. ड्रायव्हरकाका टेम्पोच्या पुढे जाऊन असे उभे राहिले, जणू काही त्यांचाच थांबा आहे.

"कोण तुम्ही?" त्यांनी साहेबांना विचारलं.

"मी मुख्य कार्यालयातून आलोय."

जमावातून 'हं' असा एक सूर निघाला. मोठं कार्यालय आलं होतं.

"हे माझं ओळखपत्र."

"छापता येतं," तीन-चार जण एकदम म्हणाले.

"माझ्या कार्यालयात फोन करून विचारा हवं तर. हा घ्या नंबर."

"नंबर आम्ही शोधू," नर्समावशी म्हणाल्या, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेब घाईघाईने म्हणाले, "जे काय करायचं ते लवकर करा, मला उशीर होतोय." हे तर त्यांनी बोलायलाच नको होतं.

"आणि सरकारी माणसं भाजीच्या टेम्पोतून कधीपासून फिरायला लागली?" काकांनी विचारलं. यावर हमालांनाही हसू आलं.

मावशींनी स्वतः नंबर शोधून मुख्य कार्यालयात फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर चालू केला. साहेबांचं नाव-पद सांगून विचारलं, आहेत का जागेवर? पलीकडून एक कंटाळलेला आवाज आला, "साहेब मीटिंगमध्ये आहेत. नंतर करा." आणि फोन बंद.

"अहो, तो सगळ्यांबद्दल हेच सांगतो!" साहेब कळवळले. "मी रजेवर असलो तरी हेच सांगतो!"

पण आता कोण ऐकतंय? साहेब मीटिंगमध्ये होते, म्हणजे हा जो समोर उभा होता तो साहेब नव्हता. काकांनी टेम्पोची किल्ली काढून घेतली. कोणीतरी पोलिसांना बोलवा म्हणालं. साहेबांची अगदी पाचावर धारण बसली. त्यांनी बाईंकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनीच बाईंकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही ओळखता यांना?" काकांनी विचारलं.

बाईंना एक क्षण मोह झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. आज पहिल्यांदाच बघतेय, एवढंच म्हटलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं. संगणक उतरले असते, वर्ग राहिला असता, निदान आज तरी. पण सबंध वर्षभर ज्यांना खोटं ओळखायला शिकवलं त्यांच्याच तोंडावर अर्धं खरं कसं बोलायचं?

"साहेब खरे आहेत," बाई म्हणाल्या. "पत्र खरं होतं, फोन खरे होते. चुकले मी. त्यांना संगणक न्यायचा अधिकार आहे. जाऊ द्या त्यांना."

मग नर्समावशी पुढे आल्या आणि त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाबरू नका, बाई. दबावाखाली माणूस काहीही सांगतं, तुम्हीच शिकवलंत ना?"

"अहो मावशी, कसला दबाव?"

"असंच म्हणतात," मावशी सगळ्यांना म्हणाल्या.

आता मात्र बाईंनी हात टेकले. साहेबांनी तर टेकलेलेच होते. प्रकरण कोणाच्याच हातात राहिलं नव्हतं. तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला, "मी लावू का फोन?"

शिवणआजी होत्या. गळ्यात मोजमापाची टेप तशीच लटकत होती.

"त्या माणसाला नको विचारायला, तो झोपेत बोलतोय," आजी म्हणाल्या. "तिथे सर्वांत मोठं कोण आहे?"

"संचालकबाई," साहेब म्हणाले.

आजींनी फोन पिशवीतून काढला. कार्यालयाच्या इंटरनेटवरच्या पानावर संचालकबाईंचा नंबर शोधला, एकेक आकडा मोठ्याने म्हणत दाबला. या वेळी त्यांचा हात मागे आला नाही. संगणक, साहेब, टेम्पो, सगळं बाई विसरून गेल्या होत्या.

"हॅलो," आजी म्हणाल्या. "मी शिवणकाम करते, आमच्या वाचनालयातून बोलते. आधी मला सांगा, तुम्ही खरंच संचालकबाई आहात हे मी कशावरून समजू?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. संचालकबाई म्हणाल्या, तिकडे आलेल्या आमच्या साहेबांना विचारा, काल मी त्यांना कशावरून रागावले? आजींनी साहेबांना बाजूला घेऊन हळूच विचारलं. साहेबांनी मान खाली घालून कानात सांगितलं. आजींनी ते फोनवर सांगितलं, आणि ते जुळलं. काय होतं ते आजींनी शेवटपर्यंत कोणालाही कळू दिलं नाही.

"खरे आहेत," आजींनी जाहीर केलं, आणि काकांनी थोड्या नाराजीनेच टेम्पोची किल्ली परत दिली. आजींनी फोन साहेबांच्या हातात दिला. स्पीकर चालूच होता.

"तिथे किती माणसं आहेत?" संचालकबाईंनी विचारलं.

साहेबांनी रस्ताभर नजर फिरवली. "मोजता येत नाहीत, मॅडम."

"आणि तुमच्या अहवालात?"

"एकही नाही, मॅडम."

"टेम्पो रिकामा करा," संचालकबाई म्हणाल्या, "आणि सर्वेक्षण पुन्हा करा. या वेळी समोर बसून."

संगणक आत गेले. हमालांपेक्षा वर्गानेच ते जास्त उचलले. साहेबांना बाईंनी स्वतःच्या टेबलाशी बसवलं, चहा दिला, आणि लोकांनी रांग लावली. ड्रायव्हरकाकांनी आपल्याला वाचता येतं असं कबूल केलं. नर्समावशींनी साहेबांचा कान तपासून दिला. पण प्रत्येक उत्तरापाशी साहेबांचं पेन अडखळत होतं, कारण तक्त्यात रकाने होते फक्त आकड्यांचे आणि लोक सांगत होते भलतंच.

शेवटी शिवणआजींची पाळी आली. बाई शेजारीच उभ्या होत्या.

"या वर्गाचा तुम्हाला काय उपयोग झाला, आजी?"

आजींनी जरा विचार केला. "आधी फोन वाजला की मी मोरीत जाऊन दार लावून बसायचे," त्या म्हणाल्या. "वाजायचा थांबेपर्यंत. मग हातपाय गार पडलेले असायचे, शिवायलाही बसता यायचं नाही."

बाईंना हे माहीत नव्हतं. इतक्या वेळा त्या घरी जाऊन आल्या, पण आजींनी हे कधीच सांगितलं नव्हतं. बाईंचे डोळे भरून आले आणि शिकवण्यासारखं त्यांना काहीही सुचेना.

"आणि आता?" साहेबांनी विचारलं.

"आता विचारते, कोण बोलतंय?"

साहेबांनी पेन रकान्यापाशी नेलं आणि तिथेच धरलं. "आजी, इथे मला आकडा लिहावा लागतो."

"मग एक लिहा," आजी म्हणाल्या.